तळाला थोडं ठेवलंय

डिसेंबर संपत आला की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात जर्नलं, ब्लेडची पाकिटं आणि धास्तावलेल्या मुली यांची गर्दी होते. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलचे हे दिवस. यंदा मॅडमनी प्रत्येकीच्या टेबलावर घेवड्याच्या खोडाच्या दोन काड्या ठेवल्या. एक सरळ, हिरवी, सुतळीएवढी. दुसरी तिच्या दुप्पट जाड, फिकट, मध्येच पीळ बसलेली, सालीवर पांढरे फोड आलेली आणि उभी चिरलेली. मॅडम म्हणाल्या, दोन्ही कुंड्या मागच्या अंगणातल्या, बी एकाच पुडीतलं. फरक एवढाच की दुसरीवर तणनाशक मारलं होतं. छेद घ्या, रंग द्या, दिसेल ते काढा.

माझ्या शेजारची मुलगी दुसरी काडी चिमटीत धरून म्हणाली, "ई, काय झालंय हिला?"

मला माहीत होतं काय झालंय. तीन वर्षांपूर्वी अशा काड्यांनी भरलेलं अख्खं खाचर मी पाहिलं होतं, वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीत, माझ्या आत्याच्या रानात. मी काडी ब्लेडखाली धरली आणि माझ्या बोटांना पावट्याच्या शेंगांचा वास आला. कुंडीतल्या घेवड्याला तो वास नसतो. पण आला.

पावट्याचा वास कसा असतो हे पुण्यातल्या मैत्रिणींना मला कधी नीट सांगता आलेलं नाही. तेलकट, थोडा उग्र, हिरवा. शेंग मोडली की बोटांना चिकटतो आणि साबणालाही दाद देत नाही. थंडीत आत्याकडे राहून परत आले की दोन दिवस तरी वहीच्या पानांना तो वास यायचा. आई म्हणायची, "हात धू गं नीट." मी धुवायचे नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आमचं मूळ गाव भोंगवली, पण मी वाढले भोरमध्ये. वडील कचेरीत, मी इंग्रजी शाळेत. पाहुणे आले की आई म्हणायची, "ती जरा लाजाळू आहे," आणि मी त्या वाक्याच्या मागे जाऊन उभी राहायची. तिथं बरं असायचं. कुणी काही विचारायचं नाही, आणि विचारलं नाही तर बोलावं लागायचं नाही. माझ्याबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे.

बारावीला होते तेव्हा आमच्या घराशेजारी बांधकाम सुरू झालं. दिवसभर खडी आणि मिक्सरचा आवाज. पूर्वपरीक्षा जानेवारीत होती. वडील म्हणाले, "ताईकडे जा महिनाभर. तिथं तुला कोण त्रास देणार?" नसरापूर फाट्यावर एसटी बदलून मी वाडीवर गेले. पाठीवर पुस्तकं, हातात आईनं दिलेला स्टीलचा डबा, डब्यात चिवडा.

त्या डब्याबद्दल सांगायला हवं. आत्याच्या वाडीत भांडं रिकामं परत देत नाहीत. दही नेलेल्या वाटीतून दोन हिरव्या मिरच्या येतात, ताक नेलेल्या तांब्यातून मूठभर तांदूळ. काहीच नसलं तर चिमूटभर मीठ, पण तळ झाकायचा. आईचा डबा चिवडा घेऊन जायचा आणि परत येताना त्यात वरी असायची, नाहीतर भुशात ठेवलेली गावठी अंडी, नाहीतर पावटे. वडील घरी आल्यावर आधी तो डबा हलवून बघायचे. आवाजावरून ओळखायचे आत काय आहे ते. पावट्यांचा आवाज जड, गोल. तो आला की ते हसायचे.

कारण ते पावटे त्यांच्या घरचे होते. भोंगवलीच्या रानातले. आत्याचं लग्न झालं तेव्हा तिच्या आईनं ओटीच्या तांदळात दोन मुठी पावटे मिसळले होते. कुणाला न सांगता. सासरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आत्या परातीत ते तांदूळ निवडायला बसली आणि तांदळातून तांबूस, बारीक, पाठीवर पांढरी रेघ असलेले दाणे निघायला लागले. ती म्हणायची, "निवडता निवडता मला रडूच आलं. सासू म्हनली, खडं लागलं का गं डोळ्यात?" भात काढल्यावर खाचरात जी ओल उरते तिच्यावर तिनं ते पेरले. तेव्हापासून दर वर्षी. पुढं भोंगवलीतली ती जमीन आमची राहिली नाही, तिथल्या बांधावरचा पावटाही संपला. मग हे बी एका जागी उरलं: आत्याच्या चुलीमागच्या गाडग्यात, राखेत.

मी गेले त्या वर्षी आत्यानं गाडगं पूर्ण रिकामं केलं होतं. आदल्या साली भुंगा लागल्यानं मापटंभरच बी धड उरलं होतं. "थोडं ठिवायचं न्हाई का मागं?" असं शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "जुनं झालं की उगवत न्हाई ते. रानात जाऊ दे. औंदा ओल चांगली हाय, गाडगं भरूनच घेईन."

त्या महिन्याच्या सकाळी मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतात. तोरण्यामागून ऊन उशिरा यायचं. तोपर्यंत वाडी निळ्या सावलीत. कापलेल्या भाताचे खुंट दवानं ओले, आणि त्या खुंटांमधून गुडघ्याएवढा पावटा. ओट्यावर पोतं टाकून मी भौतिकशास्त्र वाचत बसायची आणि आत्या रानातून ओरडायची, "आगं ए, वाचतीस का झोपतीस?" मी पान हलवून दाखवायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण माझं वाचणं बघायला आवडायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माजी भाची. सगळं इंग्रजीत हाय तिचं. स्वप्नं बी इंग्रजीत पडत्यात."

येणाऱ्या-जाणाऱ्यांत मुख्य हौसाकाकू. आत्याची चुलत जाऊ, शेजारचंच घर, पलीकडचंच खाचर. आत्याचे यजमान कारखान्यात, शिरवळला खोली करून राहायचे, आणि काकूंचा मुलगा पुण्यात. त्यामुळे दोन्ही घरांची शेती या दोघींवर. औषध मारायचा पाठीवरचा पंप दोघींनी मिळून घेतलेला. आज हिच्या ओट्यावर, उद्या तिच्या. काकूंनी त्या साली ओढ्याकडच्या तुकड्यात गहू केला होता आणि गव्हात तण माजलं होतं. खुरपायला बाई मिळेना. मग त्या वेल्ह्याच्या बाजारातून एक बाटली घेऊन आल्या. आतली चिठ्ठी कुठंतरी पडली होती. बाटलीच्या अंगावर सगळं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

"ए इंग्लिश बाय," त्या म्हणाल्या, "हे वाच. पंपाला किती टाकायचं सांग. जास्त पडलं तर गहू जायाचा आन कमी पडलं तर माजी अब्रू जायाची."

मी बाटली घेतली. मुलगी म्हणून, पाहुणी म्हणून मला पहिल्यांदाच त्या वाडीत काहीतरी काम मिळालं होतं. मी वाचलं. गहू, मका, ऊस. रुंद पानाच्या तणांसाठी. एवढ्या पाण्याला एवढं. मी माप सांगितलं. त्याखाली आणखी तीन ओळी होत्या. पंप दोन-तीनदा नीट धुवावा, डाळी, भाजीपाला, कापूस यांवर तोच पंप वापरू नये, शक्यतो वेगळा ठेवावा. मी त्या मनात वाचल्या. तोंड उघडेपर्यंत काकू बूच घट्ट करत उठल्या होत्या.

"बास, माप कळलं. शिकलेल्या पोरीचं हे बरं असतंय बघ आक्का."

आत्या आतून म्हणाली, "मग! उगंच पाठवलंय व्हय भावानं?"

त्या कौतुकावर मी आणखी तीन ओळी कशा ठेवणार होते? मला वाटलं, त्यांना माहीत असेल. शेतकरी आहेत. मी कोण सांगणारी. ही कारणं मी पुढं तीन वर्षं वापरली आहेत, म्हणून ती मला नीट पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू पंप घेऊन आल्या. आत्या वेल्ह्याला गेली होती, पावट्यावर माव्याचं औषध आणायला. चार दिवस ढगाळ होतं आणि शेंड्यांवर काळे बारीक किडे दाटले होते. काकूंनी पंप ओट्यावर टेकवला. जुन्या दवाखान्यात येतो तसा फिनेलसारखा वास आला.

"आत्याला सांग, तळाला थोडं ठेवलंय," त्या म्हणाल्या. "रिकामा पंप कसा द्यायचा? बांदावर गवात लई माजलंय तिच्या, तितं मार म्हणावं. तेवढंच तिला."

मी मान हलवली. त्या जाताना हसल्या. एवढ्या मनापासून की मला त्यांचा तो चेहरा आजही काढून दाखवता येईल.

आत्या परत आली ती आनंदात. बाजारात तिला भोंगवलीची कुणी मैत्रीण भेटली होती, तीस वर्षांनी. कोण मेलं, कोण आजी झालं, सगळं सांगत होती. मग आईचा फोन आला. मग भाकऱ्या. तळाशी ठेवलेलं माझ्या डोक्यात कुठंतरी होतं, पण ते सांगायचं राहिलं. यात लपवण्यासारखं काही नाही. विसरले. माणसं विसरतात.

सकाळी उठून बाहेर आले तर ओट्यावर पंप नव्हता. पावट्यात आत्याची हिरवी साडी हलत होती, पाठीवर पंप, हात खाली-वर. पहिल्या ओळी संपत आल्या होत्या. मी पायरीवर उभी राहिले. तेव्हा हाक मारली असती तर? पण मी हिशोब केला की थोडंसंच होतं तळाला. एवढ्या पाण्यात ते किती. मी आत गेले, ब्रशवर पेस्ट घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेंडे वाकले.

पावट्याचा शेंडा नेहमी वर बघतो. तो वाकला की तहानल्यासारखा वाटत नाही, काहीतरी ऐकू आल्यासारखा वाटतो. पहिल्या चार-पाच ओळींतले सगळे शेंडे एकाच बाजूला, छत्रीच्या मुठीसारखे. पानांचे देठ पिळले होते, त्यामुळे पानांची फिकी पाठ वर आली होती आणि तेवढाच भाग लांबून पांढुरका दिसत होता. आत्या बांधावर बसून बघत होती.

"मावा लई वाईट," ती म्हणाली. "रस वढून घेतला बघ मेल्यानं. यका औषदानं भागायचं न्हाई."

मी म्हणाले, "हं."

त्या "हं"चं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

मधल्या चार दिवसांत काकू पंप परत घेऊन गेल्या. गव्हाचा निम्मा तुकडा राहिला होता. आणून ठेवला तेव्हा घरात कुणी नव्हतं. मी ओढ्यावर धुणं आपटत होते. परत आले तर पंप ओट्यावर, आणि तोच वास. या वेळी त्यांनी काही सांगितलं नाही. एकदा सांगितलेलं होतं ना.

पाचव्या दिवशी सकाळी आत्यानं हाक मारली, "आगं, पानी वतू लाग. माजी कंबर धरलीय."

मी हंडा उचलला. पंपाचं झाकण आत्यानं काढलं आणि ती माव्याच्या औषधाची पुडी आणायला आत गेली. तोंडावरची जाळी मी बाजूला केली. तळाला पिवळसर पाणी होतं, तांब्याभर. ऊन नेमकं आत पडलं होतं आणि ते पाणी चमकत होतं. मी बघितलं. मला वाचताही येत होतं आणि दिसतही होतं. पण आता सांगायचं म्हणजे आधीचंही सांगावं लागलं असतं. काकूंनी निरोप दिला होता, मी विसरले. वाकलेले शेंडे माव्यानं नव्हते, तरी मी हं म्हणाले. एका वाक्यानं काम भागणार नव्हतं, चार वाक्यं लागणार होती. मी हंडा तिरका केला. पाणी आत पडलं आणि पिवळं दिसेनासं झालं.

आत्या पुडी घेऊन आली, कातरून आत टाकली. "दोन येळा मारलं की नांगी टाकंल मावा," म्हणाली. पहिल्या वेळी चार-पाच ओळीच मारल्या होत्या. त्या दिवशी तिनं त्या एका पंपात पूर्ण खाचर मारलं. एकही ओळ सोडली नाही. कामाला नीट बाई.

पुढच्या पंधरा दिवसांत मी त्या खाचरात जे पाहिलं ते माझ्या जर्नलमध्ये आता एका पानात मावतं. नवी पानं अरुंद यायला लागली, कडा आत वळलेल्या, शिरा ताणलेल्या, म्हाताऱ्या हाताच्या शिरांसारख्या एकमेकींच्या जवळ. पान पान राहिलंच नाही, सुरकुतलेली पट्टी झाली. खोडं फुगली. बोटानं दाबली तर काकडीसारखी तुटायची. सालीवर फोड आले, मग उभ्या चिरा. मातीच्या वर, जिथं मुळं यायचं काही कारण नाही तिथं, आखूड जाड मुळांचे गोळे फुटले आणि हवेतच थांबले. जांभळट कळ्या आल्या होत्या त्या उमलायच्या आधीच गळल्या. हात लावला की देठासकट. जमिनीवर त्यांचा सडा आणि मधमाश्या नुसत्या घिरट्या घालून जायच्या.

पलीकडे काकूंचा गहू हिरवागार उभा होता. एक तण नव्हतं.

वाडीत चर्चा झाली. कुणी म्हणालं औषध भेसळीचं, कुणी म्हणालं धुकं. एका दुपारी काकू आमच्या ओट्यावर आल्या. पावट्याचं उपटलेलं झाड हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता आत्याला म्हणाल्या, "आक्का, रागवू नगं. पोरगी मागल्या आठवड्यात बाजूला बसली हुती ना? कुठं शिवली-बिवली न्हाई ना पावट्यात? येलाला सोसत न्हाई ते."

मी पुस्तकात बघत होते. 

आत्या एकदम उठली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. "हौसे, त्वांड सांबाळ. माज्या भाचीच्या हातानं कदी काय वाळलं न्हाई. तिच्या आज्जीचा हात हाय तो. शिवली असली तर बरंच झालं आसतं, फुलला आसता."

"आगं मी आपलं..."

"आपलं न्हाई आन परकं न्हाई. पोर अब्यासाला आलीय माज्या घरी. तिच्यावर काय ढकलायचं न्हाई."

काकू ओशाळल्या. मला म्हणाल्या, "बाय, मनावर घिऊ नगंस. येडी हाय मी." आणि जाताना झाड तिथंच ठेवून गेल्या. त्या जायच्या आधी मला सगळं सांगता आलं असतं. खोटा आळ माझ्यावर होता, खरं कारण मला ठाऊक होतं, आणि दोन्ही बायका समोर होत्या. मी पान उलटलं. आत्या माझ्याजवळ बसली, केसांवरून हात फिरवला. तिच्या हाताला पावट्याचा वास नव्हता. फिनेलचा होता.

भोगीच्या दिवशी आत्यानं खाचरभर फिरून ओंजळभर शेंगा जमवल्या. वाकड्या, आखूड, मधेच चिमटलेल्या. भोगीच्या भाजीत घरचा पावटा पडला नाही असं तिच्या संसारात कधी झालं नव्हतं. भाजी झाली. वांगं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, आणि त्यात ते पाच-पंचवीस दाणे. तिळाची भाकरी. मी खाल्लं. चव कशी होती मला सांगता येणार नाही, कारण मी नुसती गिळत होते. भांड्यात टाकण्याआधी तिनं थोड्या शेंगा बाजूला ठेवल्या होत्या, त्या तिनं दोरीला बांधून चुलीवर टांगल्या. बियाला.

पूर्वपरीक्षेत मला चांगले मार्क पडले. आत्यानं वाडीत पेढे वाटले.

पुढच्या वर्षी भात निघाल्यावर तिनं ते दाणे पेरले. चिमटीत मावतील एवढेच होते, सुरकुतलेले. मी तेव्हा पुण्यात आले होते. फोनवर विचारलं, "आत्या, उगवला का?" ती म्हणाली, "दोन कोंब आलं हुतं गं. यक तसाच मुडपून ऱ्हायला. यक कोंबड्यांनी नेला." मग हसून म्हणाली, "जाऊ दे. लई वर्सं साथ दिली त्यानं. आमच्या आईला सुदिक सत्तरच मिळाली." फोन ठेवल्यावर मी होस्टेलच्या जिन्यात बसले. त्या जिन्यातून माणसं जात-येत होती आणि मी सगळ्यांना वाट करून देत होते.

वनस्पतिशास्त्र मी त्यामुळे घेतलं का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं तर मी नाही म्हणेन. पण आमच्या मॅडमनी त्या दिवशी छेद दाखवताना एक गोष्ट सांगितली, ती मी जर्नलात न लिहिता ध्यानात ठेवली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सरळ काडीचा छेद मांडलेल्या रांगोळीसारखा दिसतो. मध्ये मऊ गाभा, भोवती ठरावीक अंतरावर पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांचे पुंजके, लाल रंगात नीट उठून आलेले. दुसऱ्या काडीत ते अंतर राहत नाही. पेशी पेशींवर चढतात, पुंजके एकमेकांना चेपतात, गाभा फाटतो. मॅडम म्हणाल्या, हे औषध झाडाला जाळत नाही. झाडाच्या स्वतःच्या वाढीच्या रसासारखं ते सोंग घेतं. गव्हासारखी गवतं त्याला दाद देत नाहीत. पण घेवडा, पावटा यांना ते खरंच वाटतं. ती वाढायला लागतात, सगळीकडून, एकाच वेळी, आणि थांबा म्हणणारं आत कुणी उरत नाही.

मला वाटत होतं ते झाड तेव्हा सुकत होतं. ते वाढत होतं. आम्ही चौघी-पाचजणी त्याच्याभोवती उभ्या होतो आणि ते आमच्यासमोर जिवाच्या आकांतानं वाढत होतं, आणि थांबा म्हणू शकणारी एकटी मी होते.

दोन्ही छेद मी चांगले काढले. मॅडमनी माझी काचपट्टी सगळ्यांना दाखवली.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी मी वाडीवर गेले. भोगीला दोन दिवस होते. आईनं भोरहून तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या, त्याच स्टीलच्या डब्यात. आत्या ओट्यावर बसून पावटे सोलत होती. बाजारातले. टपोऱ्या, रुंद, एकसारख्या शेंगा. मी एक मोडून नाकाशी धरली. ओल्या कागदासारखा वास.

"वास न्हाई त्याला," आत्या म्हणाली. "पन दिसाया बरं हाय."

खाचरात या वर्षी हरभरा होता. ऊन नुकतंच तोरण्यावरून उतरलं होतं. पलीकडून काकूंच्या बोलण्याचा आवाज येत होता, कोंबड्यांना शिव्या देत होत्या. मी आत्याच्या समोर बसले, शेंगा ओढून घेतल्या, आणि सोलत सोलत सांगितलं. बाटलीवरच्या तीन ओळी. काकूंचा निरोप. शेंडे वाकले तेव्हाचं. हंडा. चारच वाक्यं लागतील असं मला तेव्हा वाटलं होतं. बरीच लागली. मी तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या हातांकडे बघत होते. हात थांबले नाहीत.

माझं झाल्यावर तिनं हातातली शेंग सोलून पूर्ण केली. मग एकच विचारलं.

"दुसऱ्या बारीला पानी वतलंस, तवा ठावं हुतं तुला?"

"हो."

"हं," आत्या म्हणाली.

सूप भरलं. तिनं टरफलं एका बाजूला केली, पदर झटकला. काकूंच्या घराकडे बघत म्हणाली, "हौसाला सांगू नगंस यातलं. तिनं चांगल्या मनानं ठेवलं हुतं."

मी मान हलवली. तिनं मला जेवायला वाढलं. भात, पिठलं, मिरचीचा ठेचा. आणखी घे म्हणाली, आणखी वाढलं. परीक्षेचं विचारलं. वडिलांचं गुडघ्याचं दुखणं विचारलं. तिच्या आवाजात काही वेगळं नव्हतं, आणि मी तेच शोधत होते.

निघताना ती आतून डबा घेऊन आली, झाकण घट्ट लावलेला. मी पाया पडले. "सावकाश जा," म्हणाली. "फाट्यावर उतरताना बगून उतर." वळणावरून मी मागे बघितलं तेव्हा ती ओट्यावर उभी होती, नेहमीसारखी, कपाळावर हात आडवा धरून.

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. डबा मांडीवर होता. उतारावर गाडीला गचके बसत होते आणि मी वडिलांसारखा कान देऊन होते. वरी असेल, तांदूळ असेल. डबा वाजत नव्हता. अंडी असतील म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. नसरापूर आलं तेव्हा झाकण उघडलं.

आत राखेनं घासलेला तळ होता. स्वच्छ, पुसून कोरडा केलेला. दाणासुद्धा नव्हता.